नियम चराला लावा, यंत्राला नको

दूरसंचार नियमनावरचा वाद गेली पंचवीस-तीस वर्षे एकाच जागी फिरतो आहे. जुन्या, बलाढ्य कंपन्या म्हणतात, आमच्या तारा प्रतिस्पर्ध्यांना वापरू द्यायला लावाल तर आम्ही नव्या तारा टाकणार नाही. नव्या कंपन्या म्हणतात, त्या वापरायला मिळाल्या नाहीत तर आम्हाला बाजारात पाऊलही टाकता येणार नाही. पहिल्यांच्या लेखी दुसरे म्हणजे आयत्या बिळावरचे नागोबा. नियामक मध्ये तराजू धरून बसतो आणि दर काही वर्षांनी एक पारडे जरासे खाली करतो. या भांडणात एका प्रश्नाला जवळजवळ वेळच मिळत नाही: नियम जाळ्याच्या नेमक्या कोणत्या थराला लावायचा?

दूरसंचाराच्या जाळ्याला तीन थर असतात आणि तिन्हींचे आयुष्य वेगवेगळे. सर्वांत खाली चर, त्यातल्या नळ्या म्हणजे डक्ट, मॅनहोल आणि रस्त्यावरचे खांब. हा थर चाळीस वर्षे आणि त्याहूनही अधिक टिकतो. नळीतून ओढलेली ऑप्टिकल फायबरची केबल वीस-तीस वर्षे सहज जाते. केबलच्या दोन्ही टोकांची यंत्रे मात्र पाच ते आठ वर्षांत जुनी होतात. खर्चाचा भार तळाशी असतो. नवे जाळे उभारताना खोदाई, नळ्या आणि उखडलेला रस्ता पूर्ववत करणे यांतच ७० ते ८० टक्क्यांपर्यंत पैसा जातो. काच स्वस्त आहे, माती महाग.

नियामकाचा बाजार-आढावा तीन ते पाच वर्षांनी होतो, म्हणजे साधारण यंत्रांच्या वयाच्या वेगाने. म्हणून त्याचे लक्ष सर्वांत वरच्या थराकडे जाते: कोणता वेग, कोणते उपकरण, कोणत्या घाऊक, म्हणजे एका कंपनीने दुसरीला विकायच्या, जोडणीला किती दर. तिथे केलेला नियम शाई वाळते न वाळते तोच शिळा होतो. तळाच्या थरासाठी केलेला नियम दोन पिढ्या टिकू शकतो, पण तिथे मातीत उतरावे लागते. सक्ती तळाशी, सूट वर, आणि मधल्या थराचा निर्णय केबल पडण्याआधी, असा क्रम असायला हवा. आजवरचा अनुभव बहुतेक उलट्या क्रमाचा आहे.

तांब्याच्या तारेचा इतिहास पाहा. अमेरिकेने १९९६च्या कायद्याने आणि युरोपीय संघाने २०००च्या नियमाने स्थानिक तार खुली केली. ग्राहकाच्या घरापासून टेलिफोन एक्स्चेंजपर्यंतची तांब्याची जोडी भाड्याने घ्यायची आणि एक्स्चेंजमध्ये आपले यंत्र बसवायचे. कल्पना चांगली होती, कारण तार आधीच जमिनीत होती आणि प्रत्येक ग्राहकाची जोडी वेगळी होती. फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये त्यातून खरी स्पर्धा उभी राहिली. अर्थतज्ज्ञ मार्टिन केव्ह यांनी याच वाटेला गुंतवणुकीची शिडी म्हटले. आधी दुसऱ्याची सेवा फक्त विकायची, मग तार भाड्याने घ्यायची, शेवटी स्वतःचे जाळे बांधायचे. कागदावर शिडी सुरेख दिसते. पण वरच्या पायरीवर चढायला चर खणावा लागतो आणि खालच्या पायरीचे भाडे त्या मानाने क्षुल्लक असते. अनेक जण मधल्याच पायरीवर बसून राहिले, आणि त्यांच्या जागी कोणीही तेच केले असते.

पुढे वेगाची मागणी वाढली. तांब्यात अंतर वाढेल तसा संकेत क्षीण होतो, म्हणून यंत्र घराजवळच्या रस्त्यावरच्या पेटीत आणावे लागले. टेलिफोनच्या तारेतून वेगवान इंटरनेट देणाऱ्या व्हीडीएसएल तंत्राने काहीशे मीटरपर्यंत सेकंदाला १०० मेगाबिटच्या आसपास वेग मिळू लागला. पण एकाच केबलमधल्या शेजारच्या जोड्या एकमेकींच्या संकेतात ढवळाढवळ करतात. त्यावर वेक्टरिंग हा उपाय निघाला. यंत्र सर्व जोड्यांवरची ही ढवळाढवळ मोजते आणि तिचा उलटा संकेत आधीच मिसळून ती पुसून टाकते. अट एकच, केबलमधल्या सगळ्या जोड्या एकाच यंत्राच्या हातात हव्यात. दोन कंपन्यांची दोन यंत्रे एका पेटीत आली की फायदा बराचसा वाहून जातो. तार खुली ठेवण्याचा नियम आणि तारेतून जास्त वेग काढण्याचे तंत्र आमनेसामने आले. जर्मनीच्या नियामकाने २०१३ आणि २०१६मध्ये वेक्टरिंगसाठी जुनी खुली तार बंद करण्याची मुभा दिली. त्या आधारे पेटीपर्यंत गेलेल्या प्रतिस्पर्ध्यांचा हिशेब चुकला. यात कोणी लबाडी केली असे नाही. नियम अशा थराला बांधला होता ज्याच्याखालची जमीनच सरकत होती.

मधल्या थराची गोष्ट अधिक नाजूक आहे, कारण तिथली चूक तीस वर्षे भोगावी लागते. घरापर्यंत फायबर नेण्याच्या दोन रचना आहेत. एकीत एक्स्चेंजपासून प्रत्येक घराला स्वतंत्र धागा जातो. दुसरीत एक धागा रस्त्यावरच्या स्प्लिटरपर्यंत जातो आणि तिथे त्याचा प्रकाश ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. दुसरी रचना स्वस्त, केबल बारीक, एक्स्चेंजमध्ये जागा कमी. जीपॉन या प्रचलित फायबर तंत्रात ती सर्रास वापरतात. घरांकडे येणारा सुमारे २.५ गिगाबिट आणि उलट जाणारा सुमारे १.२५ गिगाबिट वेग सगळ्यांनी वाटून घ्यायचा. पण प्रकाशाचा हिशेब कडक असतो. नेहमीच्या उपकरणांना मधली घट २८ डेसिबलपर्यंत चालते (डेसिबल हे इथे प्रकाश किती क्षीण झाला याचे माप). १:३२ स्प्लिटर त्यातले सुमारे साडेसतरा खातो, २० किलोमीटर फायबर सात, जोड आणि कनेक्टर दोन. हाती उरतो दीडेक डेसिबल. नंतर कोणाला मध्ये आणखी एक वाटणी घालायची झाली तर तेवढा प्रकाशच शिल्लक नसतो. मुख्य अडचण मात्र वेगळीच आहे. स्प्लिटरच्या मागे ग्राहकाचा स्वतःचा धागा नसतो, त्यामुळे प्रतिस्पर्ध्याला भाड्याने द्यायला काहीच नसते. त्याला मालकाच्या यंत्रावरची आभासी वाट तेवढी मिळू शकते, म्हणजे मालक देईल तो वेग, मालक ठरवेल ते तंत्र आणि मालकाच्या सोयीने दुरुस्ती.

स्वित्झर्लंडमध्ये हा प्रश्न पेटला. तिथे कंपन्यांनी आपसांत प्रत्येक घराला चार धागे आणि स्वतंत्र रचना असे ठरवले होते. २०२०मध्ये तिथल्या सर्वांत मोठ्या कंपनीने, स्विसकॉमने, खर्च वाचवण्यासाठी झाडासारख्या, म्हणजे स्प्लिटरच्या रचनेकडे वळण घेतले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये स्पर्धा आयोगाने तात्पुरती मनाई केली. खटला वरच्या न्यायालयांपर्यंत गेला, बांधून तयार असलेल्या काही लाख जोडण्या विकता येईनात आणि कंपनीला बहुतांश ठिकाणी पुन्हा स्वतंत्र धाग्यांकडे यावे लागले. २०२४मध्ये १ कोटी ८० लाख फ्रँकचा दंडही झाला. आयोगाची बाजू मला पटते. तरी एक गोष्ट खटकते. रचनेचा प्रश्न लेखी, बंधनकारक नियमाने केबल टाकण्याआधीच बांधून घेतला असता तर केबल टाकून झाल्यावर न्यायालयात उलगडावा लागला नसता. मधल्या थराचा नियम एक पानाचा असू शकतो. वाटणी कुठे होईल, तिथे दुसऱ्या कंपनीच्या स्प्लिटरला किती जागा असेल आणि घरापासून त्या बिंदूपर्यंतचा धागा स्वतंत्र असेल की नाही, एवढे लिहिले तरी पुष्कळ.

आता तळाचा थर. डक्ट खुले करा असे म्हणणे सोपे आहे, ते चालवणे अवघड. ब्रिटनमध्ये डक्ट आणि खांब वापरण्याचा हक्क २०१०पासून होता आणि कित्येक वर्षे तो कोणी फारसा वापरला नाही. हक्क होता, पण अटी जाचक होत्या. केबल कोणत्या कामासाठी वापरायची यावर बंधने होती, अर्जाची पद्धत किचकट होती आणि नळी नादुरुस्त निघाली तर खर्च कोणाचा हे अनिश्चित होते. २०१८मध्ये तिथल्या नियामकाने, ऑफकॉमने, अटी बदलल्या, २०१९मध्ये वापरावरची बंधनेही काढली. मग मात्र नव्या कंपन्यांनी धडाधड फायबर ओढायला घेतले. नळ्या त्याच होत्या, बदलले ते अटींचे परिशिष्ट.

त्या परिशिष्टात काय असावे लागते हे पाहण्यासारखे आहे, कारण गुंतवणूक तिथेच येते किंवा मरते. पहिली अडचण नकाशाची. चाळीस वर्षांपूर्वीच्या नोंदीत नळी रिकामी असते, प्रत्यक्षात तिच्यात दोन मृत केबली असतात. म्हणून नोंदी सर्वांना सारख्या दिसल्या पाहिजेत आणि पाहणी करणाऱ्याने जे पाहिले ते नोंदीत परत चढले पाहिजे. दुसरी अडचण अडथळ्यांची. मॅनहोल उघडायचे, आधी विषारी वायूची तपासणी करायची, पाणी उपसायचे, मग लवचिक कांडी ढकलत दोर पलीकडे न्यायचा. वाटेत कुठे गाळ असतो, कुठे झाडाच्या मुळांनी नळी चेपलेली असते, तर कुठे दुसऱ्या खात्याच्या खोदाईत ती फुटलेली असते. तिथे खड्डा खणून नळी दुरुस्त करावी लागते. पैसा नव्या कंपनीने भरायचा ठरवला तर तिने दुरुस्त केलेली नळी मालकाला फुकट मिळते आणि तिच्यामागून येणाऱ्यालाही. मग पहिले कोणीच येत नाही, सगळे दुसऱ्याने आधी जाण्याची वाट पाहतात. ब्रिटनमधला तोडगा साधा होता. दुरुस्ती नळीच्या मालकाने करायची आणि खर्च एका मर्यादेपर्यंत सर्व वापरकर्त्यांच्या भाड्यात पसरायचा, मालक स्वतःही वापरकर्ताच. तिसरी अडचण साठेबाजीची. जागा राखून ठेवायची आणि वापरायची नाही, म्हणून राखीव जागेला मुदत हवी आणि मुदत संपताच ती आपोआप सुटली पाहिजे. चौथी खांबांची. खांबावर किती केबलींचा ताण चालेल याचे गणित मालकाकडे असते आणि नकार द्यायला ते फार सोयीचे असते. तेव्हा नकार आकड्यांसह लेखी द्यावा, आणि मालकाच्या स्वतःच्या पथकानेही त्याच खिडकीतून, त्याच रांगेत अर्ज करावा. रांगेत स्वतः उभे राहावे लागले की ती आपोआप लवकर सरकू लागते.

या कटकटीचे फळ किती, ते एका ढोबळ हिशेबाने दिसते. समजा, एका घरापुढून केबल नेण्याचा खर्च १०० एकक आहे. एकच जाळे असेल आणि निम्म्या घरांनी जोडणी घेतली, तर दर ग्राहकामागे भार २००. दुसरे जाळे आले आणि ग्राहक निम्मे-निम्मे वाटले गेले, तर प्रत्येकाचा भार ४००. कोणतीही बँक इथे नकारार्थी मान हलवेल. पण नळ्या तयार मिळाल्याने तो सुरुवातीचा खर्च निम्म्यावर आला, आणि ऑफकॉमचा अंदाज साधारण तेवढाच होता, तर २५ टक्के ग्राहकांवरही भार पुन्हा २००वर येतो. म्हणजे डक्ट खुले असतील तर दोन जाळ्यांचे गणित एका जाळ्याच्या मक्तेदारीइतकेच जमू शकते. नळीच्या भाड्याने आकडे जरा हलतील, पण मुद्दा हलत नाही. आणि बिळाचाच विषय निघाला आहे तर, त्यातली बरीचशी बिळे सरकारी मक्तेदारीच्या काळात जनतेच्या पैशाने खणली गेली होती. नागोबा कोण, हा प्रश्न दोन्हीकडून विचारता येतो.

बलाढ्य कंपन्यांची तक्रार मात्र सगळी खोटी नाही. समजा, नवे जाळे यशस्वी होण्याची शक्यता निम्मी आहे. यश आले तर परतावा १६ टक्के, अपयश आले तर २, सरासरी ९. भांडवलाचा खर्च ८ टक्के असेल तर प्रकल्प करण्याजोगा आहे. पण यश दिसल्यावर नियामक आला आणि खर्चाधारित दराच्या नावाखाली परतावा ८वर आणून ठेवला, तर सरासरी ५ होते. अपयशात कोणी वाटेकरी नाही, यशात मात्र सगळे. हे आधीच कळत असेल तर चर खणलाच जात नाही. नियामकाने प्रत्येक टप्प्यावर वाजवी वागूनही परिणाम हाच होतो, म्हणून तो ओळखणे अवघड.

जर्मनीने यावर नियमनाची सुटीच देऊ केली. २००७च्या कायद्याने नव्या बाजारपेठा नियमनाबाहेर ठेवल्या आणि २००९च्या डिसेंबरमध्ये युरोपीय न्यायालयाने ते बेकायदा ठरवले. दोन-तीन वर्षांची सुटी, तीही वादात, वीस वर्षांच्या मालमत्तेसाठी कवडीच्याही कामाची नव्हती. अमेरिकेत याच्या उलट टोक दिसले. १९९६च्या कायद्यावर आधारित नियम न्यायालयांनी १९९९, २००२ आणि २००४मध्ये फेटाळले किंवा परत पाठवले. तेवढ्या काळात यंत्रांची एक अख्खी पिढी येऊन गेली. कडक नियमात गुंतवणूक होऊ शकते आणि सैल नियमातही होते. दर दोन वर्षांनी बदलणाऱ्या नियमात होत नाही.

दोन उत्तरे मला चांगली वाटतात. ब्रिटनने २०२१मध्ये घाऊक बाजारात ४० मेगाबिटच्या साध्या जोडणीचा दर बांधला, त्यावरचे वेगवान फायबर मोकळे सोडले आणि किमान २०३१पर्यंत खर्चाधारित दर आणण्याचा विचार नाही असे सांगून टाकले. साधी जोडणी हा ग्राहकाचा लंगर. वरचा वेग फार महाग केला तर ग्राहक खाली उतरतो, त्यामुळे दराला आपोआप वेसण बसते. न्यूझीलंडची वाट वेगळी होती. तिथे २०११मध्ये जुन्या कंपनीचे दोन तुकडे झाले, जाळ्याची मालक कोरस वेगळी झाली आणि तिने किरकोळ विक्री करायची नाही असे ठरले. २०२२पासून तिच्या उत्पन्नाला कमाल मर्यादा लागली. पण ती ठरवताना सुरुवातीच्या दहा वर्षांत सोसलेला तोटा मोजला गेला आणि नियमनाखालच्या मालमत्तेच्या किमतीत मिळवला गेला. कमावते झाल्यावर दर बांधायचे असतील तर उपाशी वर्षांचा हिशेबही मांडायला हवा, एवढी साधी ही गोष्ट. इतर नियामकांनी ती का उचलली नाही, कळत नाही.

यंत्राच्या थराला दर लावल्यावर काय होते याचा नमुना ऑस्ट्रेलियात सापडतो. तिथले सरकारी घाऊक जाळे किरकोळ कंपन्यांना दर जोडणीमागे भाडे लावत असे आणि शिवाय एकत्रित क्षमतेचे वेगळे शुल्क, सुरुवातीला दर मेगाबिटमागे महिन्याला २० डॉलर. हजार ग्राहकांना प्रत्येकी १ मेगाबिट सरासरी द्यायची तर महिन्याला २० हजार डॉलर. किरकोळ कंपन्यांनी साहजिकच हात आखडता घेतला. दुपारी सगळे छान चालायचे, रात्री आठ वाजता सगळे चित्रपट पाहू लागले की वेग कोसळायचा. तारेत क्षमता पडून होती, पण शुल्काच्या दाराने ती बंद होती. पुढे वरच्या वेगांसाठी ते शुल्क काढूनच टाकावे लागले. फायबरवर जास्त माहिती नेण्याचा वाढीव खर्च नगण्य असतो. तिथे प्रमाणावर शुल्क लावणे म्हणजे रिकाम्या रस्त्यावर पावलांचा कर घेण्यासारखे आहे.

लहरींच्या, म्हणजे मोबाइल सेवेच्या स्पेक्ट्रमच्या, लिलावाबद्दल थोडक्यात. २०००च्या थ्रीजी लिलावात ब्रिटनने सुमारे २२.५ अब्ज पौंड आणि जर्मनीने सुमारे ५० अब्ज युरो गोळा केले. जर्मनीत परवाना घेतलेल्या सहापैकी दोन कंपन्यांना जाळे चालवताच आले नाही. फ्रान्सने २०१८मध्ये वेगळा सौदा केला. जुन्या परवान्यांचा फेरलिलाव करायचा नाही, त्याबदल्यात चारही कंपन्यांनी सगळी केंद्रे फोरजीवर आणायची आणि सिग्नल नसलेल्या ठरलेल्या ठिकाणी प्रत्येकी ५,००० पर्यंत नवी केंद्रे उभारायची. परवान्याच्या अटीत लिहिलेला खांब खजिन्यातून फिरून येणाऱ्या अनुदानापेक्षा लवकर उभा राहतो, असे माझे मत आहे. फक्त तपासणी कडक हवी.

स्पर्धा सगळीकडे जमत नाही हेही खरे. विरळ वस्तीत एकच जाळे परवडते. फ्रान्सने दाट शहरांबाहेर किमान हजार जोडण्यांमागे एक सामायिक बिंदू ठरवला. त्याच्या पुढे घरापर्यंतचे फायबर एकच, खर्चात सगळे भागीदार, आणि बिंदूपासून मागे ज्याचे त्याचे जाळे. फायबर वेगाने पसरले. पण शेवटची जोडणी किरकोळ कंपनीने आपल्या कंत्राटदारामार्फत करायची, अशी सोय ठेवली होती. कंत्राटदाराचा उपकंत्राटदार, त्याचाही उपकंत्राटदार, आणि मोबदला जोडणीमागे. पेटीतले मोकळे पोर्ट, म्हणजे तार जोडायची जागा, शोधायला वेळ लागतो, म्हणून एखादा तंत्रज्ञ दुसऱ्याच ग्राहकाची तार काढून तिथे आपली लावतो. रस्त्यावरच्या पेट्यांत तारांचा गुंता झाला, दारे तुटली आणि तक्रारी वाढल्या. नियम बरोबर होता, पण पेटी आतून नीट ठेवण्याची जबाबदारी कोणाच्याच नावावर नव्हती. काम झाल्यावर पेटीचा फोटो, पोर्टचा क्रमांक आणि करणाऱ्याची ओळख नोंदल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, हे कलम पहिल्या दिवसापासून हवे होते.

यानंतरचा प्रश्न तांबे बंद करण्याचा आहे. जुनी तार एक्स्चेंजमधून ४८ व्होल्टची वीज नेत असे, त्यामुळे घरची वीज गेली तरी फोन चालायचा. काचेतून वीज जात नाही. लिफ्टचे आणीबाणीचे फोन, धोक्याच्या घंटा, आजारी माणसांची उपकरणे यांची यादी करून बॅटरीची सोय केल्याशिवाय एक्स्चेंज बंद करता येत नाही. हे काम बहुतेक ठिकाणी उशिरा का होईना सुरू आहे. ज्याकडे अजून फारसे कोणी पाहत नाही ते म्हणजे नळीत मोकळी होणारी जागा. शेकडो जोड्यांची मनगटापेक्षा जाड केबल बाहेर निघाली की तिथे बोटाएवढ्या जाडीच्या कितीतरी फायबर केबली मावतात. केबल ओढून काढायला खर्च येतो आणि तांबे भंगारात विकून पैसाही येतो. मालक जागा आपल्यासाठी ठेवू शकतो, भाडे वाढवू शकतो किंवा मृत केबल तशीच कुजू देऊन नळी भरलेलीच आहे असे सांगू शकतो. सेवा बंद झाल्यापासून ठरावीक महिन्यांत केबल काढणे, मोकळी जागा त्याच दिवशी सामायिक नोंदीत दाखवणे आणि भंगाराचे उत्पन्न नळ्यांच्या दुरुस्ती-खात्यात वळवणे, ही तीन कलमे पहिले एक्स्चेंज बंद होण्याआधी लिहून ठेवावी लागतील. केबल निघाल्यावर लिहिली तर ती जागा कोणी ना कोणी भरून टाकलेली असेल.